आईची चाळिसावी लेव्हल

माझ्या मोठ्या भावाला, अण्णाला, बेंगळूरला नोकरी लागली आणि घरातला कॉम्प्युटर माझा झाला. तोवर मी त्याच्या खुर्चीमागं उभी राहून बघणारी होते. जाताना त्यानं मला एक पात्रही तयार करून दिलं. तो ज्या ऑनलाइन खेळात अडकला होता त्यातलं, नवंकोरं, पहिल्या लेव्हलचं. रोज तिथंच भेटत जाऊ म्हणाला. मी तेव्हा धारवाडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि घरात ब्रॉडबँड येऊन जेमतेम सहा महिने झाले होते.

तो खेळ म्हणजे एक मोठा मुलूख होता. डोंगर, नद्या, बाजाराची गावं, पडके किल्ले. एकाच वेळी हजारो माणसं आपापल्या शहरातून त्यात हिंडत असायची. वर चढायचे रस्ते दोन. गावोगावची माणसं कामं सांगायची, हे निरोप पोचव, ते हरवलेलं शोधून आण. ती करायची, त्याला क्वेस्ट म्हणत. नाहीतर रानात जाऊन दिसेल तो प्राणी किंवा राक्षस मारत सुटायचं. मेलेला थोड्या वेळानं त्याच जागी परत उगवायचा, की परत मारायचा. ह्याला सगळे ग्राइंडिंग म्हणत. आमच्या घरात पुढं त्याचं सरळ दळण झालं.

मला क्वेस्ट आवडायच्या. प्रत्येक माणसाचं बोलणं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. दळणाचा मात्र मला मनापासून कंटाळा. त्यात अण्णानं मला पात्र दिलं होतं ते वैद्याचं, दुसऱ्यांना बरं करणारं. तो ज्या गटाबरोबर खेळायचा त्यात एक सोडून कुणालाच ते नको होतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं. वैद्याच्या हातात बळ नसतं. अण्णाचा योद्धा दोन घावांत जे मारायचा त्याला मला बारा लागायचे.

अठराव्या लेव्हलला माझं गाडं रुतलं. हातातल्या क्वेस्ट संपल्या आणि पुढच्या गावची माणसं वीस झाल्याशिवाय बोलायला तयार नव्हती. अण्णा तिसाच्या पुढं गेला होता. लेव्हलमध्ये इतकं अंतर असलं की एकत्र खेळूनही खालच्याला काही मिळत नसे. रोज तिथं भेटू म्हणाला होता खरा, पण तो त्याच्या डोंगरावर आणि मी पायथ्याच्या रानडुकरांत, असं आमचं चाललं होतं.

त्याच हिवाळ्यात आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा महिने जड उचलायचं नाही, शिलाई मशीनवर पाय चालवायचा नाही, असं बजावलं. आई रानालगतच्या अळणावर गावाच्या बाजूची. शेतात आणि लाकडाच्या वखारीत राबणाऱ्या माणसांत वाढलेली. कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन धारवाडला आली. लग्नानंतरची वीस-बावीस वर्षं ती हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या एका कापडदुकानासाठी साड्यांना फॉल लावून द्यायची. अशा बाईला दुपारी नुसतं पडून राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच. ती पडायची, छताकडं बघायची, उठायची, खिडकीतून रस्ता बघायची आणि परत पडायची.

एका रविवारी मी खेळत असताना ती माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि अण्णा ह्यात कुठं असतो ते विचारलं. आत्ता आहे का, म्हणाली. मी हजर खेळाडूंची यादी बघितली तर तो होता. मी लिहून कळवलं, आई बघायला आली आहे, खाली ये. दोन-तीन मिनिटांत चिलखत घातलेला, खांद्यावर भली मोठी तलवार घेतलेला एक गडी डोंगरावरून धावत आला आणि माझ्यापुढं थांबला.

आई पडद्याच्या अगदी जवळ गेली. तोंडाला लोखंड होतं, त्यामुळं चेहरा काही दिसत नव्हता. तरी बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "जेवला का विचार."

मी विचारलं. त्यानं होय म्हणून सांगितलं. काय जेवला तेही तिनं विचारायला लावलं. तो मेसचा चपाती-भाजीचा बेत सांगत होता तेवढ्यात त्याच्या पाठीमागून एक रानडुक्कर आलं आणि त्याला धडका द्यायला लागलं. त्याला त्याचं काहीच नव्हतं, तो बोलत राहिला. आईला मात्र ते बघवेना. ते आधी हाकलायला सांग त्याला, म्हणाली.

त्या दिवसापासून ती रोज यायची. अण्णा असला तर दोन शब्द विचारून घ्यायची. नसला तरी स्टूल ओढून बसायची आणि माझी रानडुकरांशी चाललेली झटापट बघायची. तिच्या माहेरच्या शेतात रानडुकरं यायची आणि लहानपणी माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवून ती हाकलायचं काम तिच्याकडं होतं. ती त्यांना कन्नडमध्ये हंदी म्हणायची. चारेक दिवसांनी तिनं शांतपणे सांगितलं की मी हंदींच्या मागं उगाच पळते. एक मारलं की दुसरं शोधायला रानभर हिंडते, तोवर पहिलं परत आलेलं असतं आणि ते मला दिसतच नाही.

"दे इकडं," म्हणाली. "मला बघू दे."

माऊस हातात घेतल्यावर पहिले दोन दिवस तिचा बाण पडद्याच्या एका कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि ती टेबल संपेपर्यंत माऊस सरकवत राहायची. उचलून मागं ठेवायचा असतो हे मी पाच-सहा वेळा सांगितलं, मग जमलं. मारायची कळ, बरं करायची कळ आणि चालायचं कसं, एवढंच तिनं माझ्याकडून शिकून घेतलं. बाकीचं सगळं तिनं आपलं आपण शोधलं.

तिनं आधी काही मारलंच नाही. सबंध दुपार रानात एका जागी उभी राहून दुसरे खेळाडू मारतात ती हंदी किती वेळानं उठतात ते बघितलं. घड्याळ लावून नव्हे. फॉलला टाके घालताना मनात मोजायची सवय होती, तसं मोजून. मग ओढ्याकाठच्या नऊ हंदींचा एक फेरा ठरवला. पहिलं मारून पुढं जायचं आणि नववं मारून परत यायचं, तोवर पहिलं उठलेलं असायचं. एक पाऊल वाया जात नव्हतं. पात्राचा जीव तिसऱ्या हिश्श्यावर येईपर्यंत ती स्वतःला बरं करायची कळ दाबायची नाही. मी थोडं खरचटलं की दाबायची आणि मग बरं करायची शक्ती संपली म्हणून झाडाखाली बसून राहायची. आई बसायची नाहीच.

मी कॉलेजला गेले तेव्हा लेव्हल अठरा होती. परत आले तर एकोणीस. त्यानंतरच्या दोन दिवसांत वीस. आई स्वयंपाकघरात चहा ठेवत होती आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, आज मधे करंट गेला, नाहीतर अजून झालं असतं.

अप्पा सरकारी खात्यात कारकून होते. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, एकदा आईकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी आराम सांगितलाय एवढंच बोलले. आई म्हणाली, बसूनच तर असते.

ह्यानंतरचे दोन महिने चुकीचे गेले आणि त्यात माझाच वाटा मोठा आहे. लेव्हल आपोआप वाढते म्हटल्यावर मी क्वेस्टकडं बघणंच सोडलं. वाचत बसायचं कशाला, आई चढवतेय की. संध्याकाळी मी नुसती अंक बघायची आणि मैत्रिणींना सांगायची. एकतिसाव्या लेव्हलला अण्णा म्हणाला, ये आता वर, किल्ल्याकडं. मी मोठ्या तोऱ्यात गेले. वेशीवरच्या पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. खालच्या गावांतली सात-आठ कामं पुरी केल्याची खूण त्याला हवी होती आणि माझ्याकडं एकही नव्हती. वाटेत दोन लांडग्यांनी मला लोळवलं, कारण अंगावर अजून अठराव्या लेव्हलचे कपडे होते. नव्या विद्याही शिकलेल्या नव्हत्या, त्या क्वेस्टमधूनच मिळायच्या. अण्णाच्या गटातले लोक हसले. एकानं लिहिलं की ही वाढली आहे, पण मोठी झालेली नाही.

मी उठले आणि आईवर चिडले. तू नुसती मारत सुटतेस, म्हणाले. ह्या खेळात डोकंही लागतं, नुसते हात चालवून काय होतं? असं आणि आणखी बरंच. ती कोथिंबीर निवडत होती. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा कॉम्प्युटर बंद होता, त्यावर अण्णाच्या वेळचं जुनं कापड घातलेलं होतं आणि आई पडून छताकडं बघत होती.

चार दिवस तसेच गेले. मी एकटीनं राहिलेल्या क्वेस्ट करायला घेतल्या. त्या आता इतक्या खालच्या होत्या की करून लेव्हलला काहीच मिळत नव्हतं. वेळेवर केल्या असत्या तर लेव्हल आणि बक्षिसं दोन्ही मिळाली असती, पण ती वेळ गेली होती. आणि ते काम आईचं नव्हतंच. इंग्रजी तिला अक्षरं जुळवून सावकाश वाचता यायचं, पानंच्या पानं नव्हे. वाचायचं काम माझं होतं आणि मीच ते टाकलं होतं. पाचव्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि हे असंच्या असं सांगितलं. माफी मागायची आमच्या घरात पद्धत नव्हती, पण ती तेवढ्यावर उठून बसली.

"ती माणसं काय काय कामं सांगतात ते मला वाचून दाखव," म्हणाली. "सगळी. एकदम."

मी तासभर वाचत होते. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, मधेच कन्नड शब्द यायचा. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ह्यातली किती कामं दलदलीकडची आहेत? मोजली तर सहा निघाली. वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेली, पण सगळी एकाच दलदलीत जाऊन करायची. कुणाला खेकड्यांच्या नांग्या हव्या होत्या, कुणाला त्याच चिखलातली मुळी, कुणाचा भाऊ तिथं हरवला होता.

मग तिनं जे सांगितलं ते इतकं साधं होतं की मला लाज वाटली. आपण हुबळीला एका कामासाठी कधी जातो का? नाही जात. दाजीबानपेठेत साड्या पोचवायच्या असल्या की ती चार दिवस थांबायची. अप्पांचा चष्मा, माझी पुस्तकं, कोप्पीकर रोडवर दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ, कुणाच्या तरी बारशाचं झबलं, अशी कामं गोळा व्हायची आणि मग एका बसनं जाऊन सगळी उरकून यायचं. इथंही तसंच करू, म्हणाली. तू सकाळी सगळ्या माणसांकडनं कामं घेऊन ठेव. मी दुपारी तिथं जाऊन मारते. मारायचं तर आहेच, मग कुणाच्या तरी कामाचं मारू.

तसंच सुरू झालं. कॉलेजला जायच्या आधी मी अर्धा तास गावं हिंडायची, क्वेस्ट घ्यायची आणि एका चिठ्ठीवर कन्नड अक्षरांत लिहून ठेवायची, कारण तीच तिला झटकन वाचता यायची. कशाचे किती, कुठं, कशाला हात लावायचा नाही. दुपारी दोन ते चार आई दळायची. संध्याकाळी मी ती कामं ज्याची त्याला पोचती करायची, बक्षीस घ्यायची, नवे कपडे अंगावर चढवायची. पण आईची एक अट होती. त्या माणसानं काम झाल्यावर काय म्हटलं ते तिला वाचून दाखवायचं. ती पोळ्या लाटत असायची आणि मी खोलीतून मोठ्यानं सांगायची. नदीवर होडी चालवणारी एक बाई होती, तिच्या आजारी मुलांसाठी औषध गोळा करायचं काम चौदा टप्प्यांचं होतं. अण्णाच्या गटात ते कुणीच पुरं केलं नव्हतं, फार लांबतं म्हणून सोडून दिलं होतं. आईनं सोडू दिलं नाही. मुलं अर्धी बरी करून ठेवायची काय, म्हणाली. अकरा दिवस लागले. शेवटी त्या बाईनं आम्हाला सगळ्या सोबत्यांना एकदम बरं करायची विद्या दिली.

एकाच ठिकाणी आईनं साफ नकार दिला. एका व्यापाऱ्याला माकडांची शेपटं हवी होती, चाळीस. मी चिठ्ठीवर लिहून गेले. संध्याकाळी आले तर चिठ्ठीवर त्या ओळीवर काट मारलेली. माकडं मारणार नाही, म्हणाली. ती खरी नाहीत असं मी सांगून बघितलं. अण्णानंही बेंगळूरहून फोन करून सांगितलं की ते काम नाही केलं तर त्या व्यापाऱ्याची पुढची चारही कामं मिळणार नाहीत, त्यात एक चांगली अंगठी आहे. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या अंगठीशिवाय चालतच नाही असं आहे का? तसं नव्हतं. मग तेवढं मी खेकड्यांत भरून काढते, म्हणाली. आणि काढलं. आठवडाभर रोज अर्धा तास जादा बसून काढलं. त्या मुलखात चाळिसाव्या लेव्हलला पोचलेली आणि एकही माकड न मारलेली आमच्याशिवाय कुणी असेल असं मला वाटत नाही.

शिवरात्र होऊन गेली होती, ऊन लागायला लागलं होतं, तेव्हा आम्ही चाळीस झालो. अण्णाच्या गटातला वैद्य खेळ सोडून गेला होता आणि किल्ल्याच्या तळघरातल्या राक्षसाशी लढायला त्यांना वैद्य हवाच होता. सहा जणांनीच उतरायचं, एकदा उतरलं की संपेपर्यंत बाहेर पडायचं नाही, असा नियम. दोन वेळा ते हरून आले होते. रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली. गटाचा प्रमुख बेंगळूरचाच होता, कडक माणूस. त्यानं सगळ्यांना निक्षून सांगितलं की मधून कुणी उठायचं नाही.

अकराला मी बसले. आई शेजारी स्टुलावर. आम्ही तळघराच्या पायऱ्या उतरलो, दार मागं बंद झालं, आणि बाहेरून अप्पांचा आवाज आला की पाणी आलं.

धारवाडला राहिलेल्या माणसाला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, कधी येईल ते ठरलेलं नसे आणि आलं की घरातला प्रत्येक माणूस हातातलं टाकून उठे. पिंप, हंडे, बादल्या, मागच्या टाकीपर्यंत नेऊन ओतायचं. अप्पांना एकट्याला ते होणारं नव्हतं आणि आईला उचलायचं नव्हतं. मी पडद्याकडं बघत बसून राहिले.

"ऊठ," आई म्हणाली. "तू पाण्याला जा. मी बसते."

मी म्हटलं, ही हंदी नाहीत, इथं पाच माणसांना जिवंत ठेवायचं आहे. ती म्हणाली, मग तेच तर करायचं. आणि मला खुर्चीतून उठवून ती बसली.

मी पहिली बादली भरली, ओतली आणि धावत येऊन दारातून बघितलं. पडद्याच्या डाव्या बाजूला सहा रेघा होत्या, सहा जणांचा जीव. राक्षस अण्णाला बडवत होता आणि अण्णाची रेघ भराभर कमी होत होती. आई नुसती बघत होती. मला ओरडावंसं वाटलं. रेघ तिसऱ्या हिश्श्यावर आली आणि तिनं कळ दाबली. रेघ भरली. मी दुसऱ्या बादलीला गेले.

तिसऱ्या खेपेला फोन वाजत होता. आईनं तिकडं मानही वळवली नाही. मी ओल्या हातानं उचलला. अण्णा होता. मी कळ उशिरा का दाबतेय, प्रमुख वैतागलाय, असं तो घाईघाईनं सांगत होता.

"मी नाही," मी म्हटलं. "मी पाणी भरते आहे. आई खेळते आहे."

मग तो म्हणाला, "फोन ठेव. तिच्याशी काही बोलू नकोस." आणि त्यानंच ठेवून दिला.

राक्षसाचा जीव दर वेळी पाव हिस्सा उतरला की चारी बाजूंनी त्याचे पहारेकरी बाहेर येत. मागच्या दोन्ही वेळी गट तिथंच कोसळला होता. ते किती वेळानं येणार ह्याचा कुणाला अंदाज येत नसे आणि वैद्याची शक्ती तोवर संपलेली असे. आईची संपली नव्हती. निम्म्याहून जास्त शिल्लक होती, कारण एकही कळ तिनं फुकट दाबली नव्हती. पहारेकरी दुसऱ्यांदा आले तेव्हा मी बादली तशीच खाली ठेवून तिच्या मागं उभी होते. ओठांतल्या ओठांत तिचं मोजणं चाललं होतं. सहाच्या सहा रेघा एकदम खाली आल्या. तिनं होडीवाल्या बाईची विद्या वापरली आणि सहाही रेघा वर गेल्या. मग परत मोजायला लागली. तिसऱ्यांदा आले तेव्हा तिचं बोट आधीच कळेवर टेकलेलं होतं.

अप्पा आत आले. मी का थांबले ते बघायला आले असावेत. बाहेर नळ चालू होता, हंडा भरून वाहत होता, त्याचा आवाज आम्हा दोघांनाही येत होता आणि दोघंही हललो नाही. पाणी वाया गेलेलं अप्पांनी सहन केलं असा तो माझ्या आठवणीतला एकच दिवस. राक्षस पडला तेव्हा आईनं पहिल्यांदा माऊस सोडला आणि उजवा हात झटकला. बोटं आखडली होती.

पडद्यावर लिहिलेलं भराभर येत होतं. प्रमुखानं विचारलं होतं, वैद्य आज कोण खेळत होतं, कारण नेहमीची मुलगी अशी खेळत नाही. अण्णानं उत्तर दिलं, माझी आई. त्याखाली कुणीतरी ही थट्टा आहे का विचारलं होतं. अण्णानं लिहिलं की थट्टा नाही, ती धारवाडला आहे आणि घरी पाणी आलं आहे म्हणून तिला बसावं लागलं. हे मी आईला वाचून दाखवलं. नेहमीची मुलगी अशी खेळत नाही, हे वाक्यही दाखवलं. ते वाचताना मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला ते पुन्हा वाचावंसं वाटलं, आणि मी पुन्हा वाचलं.

त्या वर्षी ऑफिसात अप्पांनी काय काय सांगितलं ते आम्हाला बाहेरूनच कळत गेलं. त्यांचे एक सहकारी घरी आले तेव्हा आईकडं बघून अदबीनं म्हणाले की वहिनी, आपण मोठ्या पथकाच्या वैद्य आहात असं ऐकलं. अप्पांनी घाईनं पंखा वाढवला.

पुढच्या दिवाळीआधी गटाचा तो प्रमुख कंपनीच्या कामासाठी हुबळीला आला. अण्णाकडून पत्ता घेतला होता. सकाळी कोप्पीकर रोडवरच्या ऑफिसातलं काम उरकून दुपारी तो बसनं धारवाडला आमच्या दारात हजर झाला. तिशीचा असेल, टक्कल पडायला लागलेलं, हातात मिठाईचा खोका. मूळचा शिवमोग्याकडचा, त्यामुळं सगळं बोलणं कन्नडमध्ये झालं. आईला तो अम्मा म्हणत होता आणि खुर्चीच्या कडेवर बसला होता. चहा झाल्यावर त्यानं जे विचारायला आला होता ते विचारलं. गटातले निम्मे लोक नुसत्या क्वेस्ट करतात आणि अर्ध्यात अडकतात. निम्मे नुसतं दळतात आणि वर गेल्यावर कुचकामी ठरतात. मी त्यांना काय सांगू?

आईनं टेबलावरच्या वाट्या आणि बशा पुढं ओढल्या. चिवड्याची बशी म्हणजे गाव, वाट्या म्हणजे रान. ही कामं आधी गोळा करायची, हा फेरा असा धरायचा, इथून निघायचं आणि इकडून परत यायचं. काही कामं लांबली तरी सोडायची नाहीत, आणि एखादं मनाला पटलं नाही तर सोडून द्यायचं आणि तेवढं दुसरीकडं जास्त राबायचं. तो वाकून बघत होता. मधेच त्यानं खिशातून पेन काढलं आणि मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर लिहून घ्यायला लागला. अप्पा दारात उभे होते, आत येत नव्हते, पण जातही नव्हते. मी त्या सगळ्यांकडं बघत होते. एका कंपनीतला मोठा इंजिनिअर आमच्या स्वयंपाकघरात बसून सातवी झालेल्या माझ्या आईकडून शिकत होता आणि तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला वाटत होतं. ते अजूनही तेवढंच वाटतं.

जेवल्याशिवाय तिनं त्याला सोडलं नाही. तो गेल्यावर बशा गोळा करता करता म्हणाली, माणूस चांगला आहे, पण त्याला घाई फार.